मी आपला पुढे पाठवणारा

...आणि वर मलाच विचारतात, "सर, पाठवण्याआधी तुम्ही वाचलं नव्हतं का?" आता बोला! अहो, वाचायचं कशाला? पोस्टमन काय पाकिटं फोडून, आतलं शुद्धलेखन तपासून, मग दारात टाकतो का? नाही ना? मग! लिहिणारे लिहितात, वाचणारे... वाचणाऱ्यांचं आपण नंतर बोलू, सगळा घोळ त्यांचाच आहे... पण मधे कोण? मधे मी. मी काय करतो? पुढे पाठवतो. मी आपला पुढे पाठवणारा माणूस! एवढं साधं काम, आणि त्यापायी काय काय झालं ते तुम्हाला सांगतो, फक्त मधे काही विचारू नका, मला एकदा अडवलं की परत सुरुवातीपासून सांगावं लागतं, आणि तेवढा वेळ तुम्हालाही नाही.

मी चित्रकलेचा मास्तर. आता चित्रकलेच्या मास्तराला शाळेत काय काय कामं असतात याची तुम्हाला कल्पना नाही. चित्रकला शिकवणं हे त्यातलं सगळ्यात शेवटचं. फळ्यावर सुविचार लिहायचाय? "सर, तुमचं अक्षर छान!" पाहुणे यायचेत, स्टेज सजवायचंय? "सर, तुम्हाला दृष्टी आहे!" मुलामुलींच्या बाथरूमच्या दारांवर चित्रं काढायचीत? "सर, तुमच्याशिवाय कोण?" काढली. जरा मन लावून काढली, जरा नव्या पद्धतीनं काढली, तर आता पाचवीची पोरं दोन्ही दारांपुढे उभी राहून चर्चा करतात, आत कुणी जातच नाही. असो. तो विषय वेगळा.

तर आमच्या मोठ्या बाई. म्हणजे मुख्याध्यापिका. उंचीनं माझ्या खांद्याला लागतात, पण मोठ्या. त्या गेल्या कुठल्याशा कार्यशाळेला. तुम्हाला सांगतो, मुख्याध्यापकांना कार्यशाळेला पाठवणं कायद्यानं बंद केलं पाहिजे! जाताना माणूस चांगला धडधाकट असतो हो. येताना पिशवी घेऊन येतो, पेन घेऊन येतो आणि एक कल्पना घेऊन येतो. पिशवी फाटते, पेन वाळतं... कल्पना टिकते!

"आपण शाळेचा ब्लॉग सुरू करतोय," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज असा, की साधं 'पाणी आणा' म्हटलं तरी उद्घाटन झाल्यासारखं वाटतं. "प्रत्येक शिक्षक लिहिणार! लिहिता शिक्षक, वाचता पालक!" मी म्हटलं, छान. माझं काय जातंय? "आणि हे पालकांच्या ग्रुपवर पाठवायची जबाबदारी कोण घेणार?" असं म्हणून त्यांनी शिक्षकखोलीभर नजर फिरवली. सगळे हुशार हो! गणिताच्या सरांनी झटकन वह्यांचा गठ्ठा पुढ्यात ओढला. पीटीचे सर बुटाची नाडी बांधायला जे खाली वाकले, ते वर यायचं नाव घेईनात... आणि पायात सॅंडल! भाषेच्या बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. मी एकटाच वर बघत बसलो होतो. छताला ओल आली होती, त्या ओलीचा आकार इतका सुरेख झाला होता, उंटच म्हणा ना, नुसती मान काढायची राहिली होती, मी मनातल्या मनात मान काढत होतो आणि... "सर! तुम्ही!"

झालं. "तुम्हाला काहीच करायचं नाहीये, सर. फक्त पुढे पाठवायचं. सोबत आपल्या दोन ओळी लिहायच्या, पालकांना वाचावंसं वाटेल अशा." मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं, अगदी 'ना' पर्यंत आलो होतो, तेवढ्यात त्या काय म्हणाल्या? "सत्र संपेपर्यंत पालक वाचायला लागले, तर उत्तम. नाही लागले, तर मात्र आपल्याला लिखाणासाठी वेगळी खोली करावी लागेल. आशयकक्ष! शिक्षकांनी बसायचं, लिहायचं, फोटो काढायचे. तुमचा चित्रकलेचा वर्ग मी बघून ठेवलाय. उजेड काय सुंदर आहे हो तिथं!"

माझा वर्ग! शाळेतला शेवटचा वर्ग तो, जिन्याच्या टोकाला. दोन मोठ्या खिडक्या, दिवसभर उजेड, पण ऊन म्हणून आत येत नाही. कोपऱ्यात दोन नळ. एक गळतो, एक येत नाही. भिंतीपासून भिंतीपर्यंत दोरी, तिच्यावर चिमटे लावून ओली चित्रं वाळत घालायची. फरशीवर इतक्या वर्षांचे रंग सांडलेत की मूळ फरशी कुठल्या रंगाची होती हे आता कुणालाच आठवत नाही. गणितात मार खाल्लेली, भाषेत बोलणी खाल्लेली पोरं तिथं येतात आणि तासभर कुणाच्या अध्यातमध्यात नसतात. खरं सांगू का? मीसुद्धा त्यातलाच. घरात मला जेवढी जागा नाही तेवढी तिथं आहे. तो वर्ग गेला असता तर मी कपाटात शिल्लक राहिलेल्या खडूसारखा झालो असतो.

मी म्हटलं, "बाई, पालकांनी वाचणं आणि माझा वर्ग, यांचा संबंध काय?" तर म्हणतात, "संबंध जोडायचाच तर आहे, सर!"

मग सुरू झालं. आधी गणिताच्या सरांनी लिहिलं. शीर्षक, 'अपूर्णांकांनी मला पूर्ण केलं'. हे एवढं लांब! बोटानं वर वर सरकवत राहिलो, सरकवत राहिलो, चहा गार झाला, तरी सर अजून पाव भागातच होते. मग पीटीच्या सरांनी लिहिलं. ते बोलतात तसंच लिहितात. "श्वास घे! सोड! पालकांनी लक्ष दे! मुलांना पळव! विचार कर! थांब!" आणि खाली सही. आता या सगळ्यावर मी दोन दोन ओळी लिहायच्या. मी आपलं काय लिहायचो? 'जरूर वाचा. विचार करायला लावणारा लेख.' प्रत्येकावर तेच. वाचायचो का? अहो, कशाला वाचू? मी आपला पुढे पाठवणारा!

आणि पालक? पालक काय करायचे? अंगठा! पाठवलं की पुढच्या श्वासाला अंगठा. ते चित्र हो, मूठ मिटलेली आणि अंगठा वर. एक आला की त्यामागून रांग! अहो, माणसाला सही करता यावी म्हणून आपण शाळा काढल्या, रात्रीचे वर्ग काढले, पिढ्यान्पिढ्या घासल्या... आणि लोक फिरून अंगठ्यावर आले! 'अपूर्णांकांनी मला पूर्ण केलं', अंगठा. 'श्वास सोड', अंगठा. एकदा माझ्या हातून चुकून किराणा दुकानदाराला पाठवायचा निरोप या ग्रुपवर गेला, 'साबण संपलाय, दोन वड्या ठेवा'... त्यालाही अंगठे! एकानं तर 'अप्रतिम, सर' म्हणून लिहिलं.

नाही म्हणायला एक बाई लिहायच्या. चौथीतल्या एका मुलीची आई. त्यांना सगळे बाटलीवाल्या आईच म्हणतात. कारण काय, की कुठलाही लेख येऊ दे, खाली त्यांचं उत्तर ठरलेलं. "सर, निळ्या झाकणाची बाटली कुणाला सापडली का?" गणितावर लेख, बाटली. श्वासावर लेख, बाटली. मी एकदा मोठ्या बाईंना म्हटलं, "हे बघा, पालक लिहायला लागलेत." त्यांनी चष्मा वर केला, वाचलं, चष्मा खाली केला. "सर, हा प्रतिसाद नाही. ही बाटली आहे. आणि अंगठा म्हणजे वाचन नव्हे. सत्र संपत आलंय." आणि जाता जाता हातानंच हवेत माझ्या खिडक्यांची मापं घेतली!

मी घरी आलो तो तोंड पाडून. बायको एका दवाखान्यात काउंटरवर बसते, दिवसभर माणसं हाकते, तिला माणसाचं सगळं कळतं. तिनं माझा फोन घेतला, माझ्या दोन ओळी बघितल्या आणि म्हणाली, "अहो, 'विचार करायला लावणारा' असं लिहिल्यावर कोण उघडेल? विचार करायला वेळ आहे कुणाला? घाईचं काहीतरी लिहा. आमच्याकडे 'सावकाश या' म्हटलं की माणूस सहा महिने येत नाही. 'लगेच या' म्हटलं की चप्पल न घालता येतो!" मग म्हणाली, "पण तुम्ही तरी वाचता का हो हे?" मी म्हटलं, "मी आपला पुढे पाठवणारा." ती म्हणाली, "ते माहितीये. माझ्या आईला मी तुमच्याबद्दल जे लिहिलं, ते तुम्ही माझ्याच भावाला पाठवलं होतंत."

असो! तर दुसऱ्या दिवशी सकाळी भाषेच्या बाईंचा लेख आला. या बाई म्हणजे शांत बाई. कुणाच्या वाटेला जाणार नाहीत. आधी कागदावर लिहितात, मग एका बोटानं फोनमध्ये उतरवतात. शीर्षक होतं, 'मुलांना लवकर सोडणारे आईवडील'. मी वर्गात रंगाच्या ताटल्या धूत होतो, सातवीची पोरं यायची होती, हात ओले. करंगळीनं फोन उघडला, लेख टाकला आणि बायकोचा सल्ला आठवून खाली ठोकून दिलं, "आजच! उशीर करू नका!" पाठवलं. फोन ॲप्रनच्या खिशात.

आता ऐका. इथं नीट ऐका. सगळं इथंच आहे.

'सोडणारे'. बरोबर? 'मुलांना लवकर सोडणारे आईवडील.' आता पालकांच्या फोनवर काय दिसतं? फोन सगळं दाखवत नाही हो. वर एक पट्टी येते, तिच्यात मावेल तेवढं दाखवतो आणि पुढे तीन टिंबं देतो. आणि त्या फोननं कापलं कुठं? 'सोडणारे' मधला 'रे' आहे ना, त्याच्या डोक्यावरची मात्रा! नेमकी तिथं सुरी फिरवली! उरलं काय? "मुलांना लवकर सोडणार..." आणि त्याच्याखाली माझ्या हातचं, "आजच! उशीर करू नका!"

आणि शाळेच्या ग्रुपवर 'लवकर सोडणार' म्हटलं की काय ते सांगायला लागतं का? पाणी आलं नाही, मुलांना लवकर सोडणार. परीक्षा आहे, मुलांना लवकर सोडणार. आमची सूचनाच तशी असते, वर्षानुवर्षं, शब्दाला शब्द! एक मात्रा हो! एक मात्रा गेली, आणि जी मात्रा कुठल्याच लेखाची पालकांना लागू पडली नव्हती, ती या एका मात्रेच्या नसण्याची लागू पडली!

मला काय माहीत? मी सातवीला किटली काढायला बसवलं होतं. कान नसलेली किटली आहे आमच्याकडे. पोरं माना वाकडी करून काढत होती, छान शांतता होती, आणि गेटवरचे मामा धापा टाकत जिना चढून आले. मामा कधी जिना चढत नाहीत. "सर... आले!"

"कोण आले?"

"सगळे!"

मी खिडकीत गेलो. अहो, गेटपाशी ही गर्दी! स्कूटरी, गाड्या, शाळेच्या व्हॅन उलट्या सुलट्या लागलेल्या, हॉर्न वाजतायत. एक बाप अर्धी दाढी करून आलेला. म्हणजे इकडचा गाल गुळगुळीत, तिकडं फेस. एक आई दातांच्या डॉक्टरकडून उठून आलेली, तोंडात कापूस, ती काहीतरी ओरडत होती पण नुसते स्वरच ऐकू येत होते. एक आजोबा आले होते, त्यांचा नातू शाळा सोडून कॉलेजात गेलाय, पण त्यांना ग्रुपमधून कुणी काढलंच नाही. सूचना आली, आजोबा आले! मी खाली धावलो, म्हटलं, "आजोबा, तुमचा नातू इथं नाही." ते म्हणाले, "माहितीये. पण उशीर करू नका म्हणाला होतात."

आणि पोरांनी खाली आईबाप बघितले! मग काय विचारता. प्रत्येक खिडकीतून डोकी, आणि "सुट्टी! सुट्टी!" असा जो गजर सुरू झाला, की गणिताचे सर फळ्यावर भागाकार करत होते तो त्यांनी तसाच अर्ध्यात सोडला. पीटीच्या सरांना कुणीच काही सांगितलं नव्हतं. त्यांनी मैदानात शंभर माणसं विस्कळीत उभी बघितली आणि त्यांच्यातला माणूस जागा झाला. जोरात शिट्टी! "एका रांगेत! उंचीप्रमाणे! लहान पुढे!" आणि तुम्हाला सांगतो, पालक उभे राहिले हो! अर्ध्या दाढीचा बाप मागं गेला, बाटलीवाल्या आई पुढे आल्या, हात लांब करून अंतर घेतलं. "सावधान!" सगळे ताठ! एकानं हेल्मेट काढलं.

मोठ्या बाई धावत आल्या. "काय चाललंय हे?" रांगेतले सगळे हात एकदम पुढे आले, प्रत्येकात फोन. बाईंनी पहिला बघितला, दुसरा बघितला, मग हळूच मान वळवून माझ्याकडं बघितलं. आणि गणिताचे सर, ज्यांचे अपूर्णांक मी मुकाट्यानं पोचवले होते, ते सगळ्यांदेखत मला विचारतात, "सर, पाठवण्याआधी तुम्ही वाचलं नव्हतं का?"

मी म्हटलं, "सर... मी आपला..."

पालक भडकले होते. बरोबरच आहे. कुणी रजा टाकून आलेला, कुणी साहेबाशी खोटं बोलून आलेला. त्यांना आधी कुठंतरी बसवायला हवं. एवढी माणसं मावतील अशी खोली शाळेत कुठली? बोला! सातवीला बाहेर काढलं आणि माझ्या वर्गात सगळे पालक भरले. मुलांच्या बुटक्या स्टुलांवर, गुडघे छातीशी घेऊन. एक जण घाईत बसला तो रंगाच्या ताटलीवर. त्याला मी सांगितलं नाही. म्हटलं, एवढ्यात आणखी काही नको. कापूसवाल्या बाईंच्या केसांवर दोरीवरच्या ओल्या किटलीचा थेंब पडला. सगळे माझ्याकडं बघतायत आणि दाराशी भाषेच्या बाई उभ्या, मान खाली घातलेली, जसं काही त्यांनीच सगळं केलंय.

मग अर्धी दाढी म्हणाली, "होतं तरी काय ते?"

"कुठलं?"

"ते... आम्ही उघडलं नाही ते."

मोठ्या बाई म्हणाल्या, "सर, वाचून दाखवा."

आता आली का पंचाईत! शंभर माणसांदेखत मला ते पहिल्यांदा वाचायचं होतं. फोन काढला. वाचायला लागलो. बाईंनी त्यांच्या मुलाबद्दल लिहिलं होतं. की तो लहान असताना त्या त्याला शाळेच्या दारापर्यंत सोडायच्या. मग एक दिवस तो म्हणाला, आई, गेटपर्यंतच ये. मग म्हणाला, कोपऱ्यापर्यंतच ये. मग म्हणाला, दारातूनच बघ. मग दुसऱ्या गावाला शिकायला गेला, तेव्हा म्हणाला, आई, तू झोप, मी आपला निघतो. आणि खाली बाईंनी लिहिलं होतं, 'मी त्याचा हात कधी सोडलाच नाही. त्यानंच सोडवून घेतला, एकेक बोट. मी लवकर सोडला असता, तर त्याला एवढं हळू हळू, मला न दुखवता, सोडवून घ्यावा लागला नसता.'

आता काय सांगू तुम्हाला... खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. बाई माझ्या शेजारच्या टेबलावर दहा वर्षं डबा खातात. मला त्यांना मुलगा आहे एवढंच माहीत होतं. आणि अशी ओळ, माझ्या ॲप्रनच्या खिशात, ओल्या फडक्याच्या शेजारी पडली होती!

अर्ध्या दाढीचा बाप रडत होता, तिकडच्या गालावरचा फेस सगळा खाली आला होता. बाटलीवाल्या आई उठल्या, भाषेच्या बाईंपाशी गेल्या, त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. "बाई, काय लिहिलंत हो... काय लिहिलंत..." मग म्हणाल्या, "निळं झाकण होतं तिला."

पण पालक हलले हो, आतून हलले! "बाई, तुम्ही आमचे डोळे उघडलेत!" "आम्हीच धरून ठेवतो पोरांना!" असं म्हणत, डोळे पुसत, एकेक जण जिना उतरला आणि गेला. मुलांना न घेता! मोठ्या बाई माझा हात दाबून म्हणाल्या, "सर, वाचलं!" मला वाटलं, वाचला! वर्ग वाचला!

कसलं काय! संध्याकाळी शाळा सुटली. घंटा झाली. पोरं दप्तरं अडकवून गेटपाशी उभी. रस्ता रिकामा. एक गाडी नाही, एक स्कूटर नाही. कुणी येईचना! मी पहिलीतल्या एका मुलाच्या बापाला फोन लावला. "अहो, येताय ना?"

"नाही सर." आवाजात काय ठामपणा! "आजपासून सोडलं!"

"कुणाला?"

"त्याला! येऊ दे त्याचं तो."

"अहो, पहिलीत आहे तो! त्याला नाडी बांधता येत नाही!"

"सर, लवकर सोडायचं असतं ना?"

दुसरीकडं फोन, तेच. तिसरीकडं, तेच. वर मलाच समजावतायत, "सर, तुम्हीच वाचलंत!" मी ग्रुपवर लिहिलं, 'मुलांना न्यायला या.' सरळ, साधं, एकही मात्रा कापली जाणार नाही असं. काय झालं? अंगठे! 'विचार करायला लावणारं' म्हणून एकानं लिहिलं! इकडं पोरांना भूक लागली, दोघं रडायला लागली, पीटीच्या सरांनी त्यांना गप्प करायला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या, तर चौघं रडायला लागली. ते आजोबा मात्र आले होते. कडेला उभे. "मी थांबतो," म्हणाले, "मला घरी काही काम नसतं."

मग माझं डोकं चाललं. एकदाच चाललं हो आयुष्यात. मी ग्रुपवर लिहिलं, "बाटल्या, डब्यांची झाकणं आणि स्वेटर सापडले आहेत. आजच घेऊन जा."

अहो, दहा मिनिटांत रस्ता भरला! सगळ्यांत पुढे बाटलीवाल्या आई, पळत! सापडलेल्या वस्तूंची पेटी मामांनी उघडली, लोक तुटून पडले, "हे आमचं!" "ते माझं!" आणि आलेच आहेत तर जाता जाता एका हातात झाकण आणि एका हातात पोर धरून घरी गेले. निळ्या झाकणाची बाटली काही निघाली नाही. हिरव्या झाकणाची निघाली, ती त्यांनी ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या बाईंच्या खोलीत मी अगदी हसत गेलो. त्याही हसत होत्या. "सर, काय हा प्रतिसाद! पालक आले, बसले, रडले! कार्यशाळेत सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही!" मी म्हटलं, "मग वर्ग माझा?" त्या म्हणाल्या, "आता तो पालकांचा! दर आठवड्याला तिथं बसून वाचन करायचं, कालच्यासारखं. पालकवाचनकक्ष! काय उजेड आहे हो तिथं!"

"अहो बाई, पण पालकांनी वाचलं तर वर्ग माझा, असं ठरलं होतं ना?"

"सर," बाई म्हणाल्या, "त्यांनी वाचलं कुठं? त्यांनी ऐकलं."

आता डोकं आपटायचं तर भिंतसुद्धा माझी राहिली नव्हती! शिक्षकखोलीत येऊन बसलो. भाषेच्या बाई शेजारी येऊन बसल्या, त्यांच्या डब्यातलं अर्धं माझ्यापुढे सरकवलं आणि हळूच म्हणाल्या, "सर, तुम्ही लिहा की." मी? मी कुठला लिहिणारा? पण बसलो लिहायला. त्या खिडक्या लिहिल्या, ते नळ लिहिले, गणितात मार खाल्लेली पोरं लिहिली, तासभर कुणाच्या अध्यातमध्यात नसणं लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मनातलं जसंच्या तसं लिहिलं, आणि वर ठसठशीत शीर्षक दिलं, 'चित्रकलेचा वर्ग वाचला पाहिजे'.

पण आपलं आपण पाठवायचं नाही असा मोठ्या बाईंचा नियम. बरं दिसत नाही म्हणे. मग दिलं पीटीच्या सरांकडं. त्यांनी पाठवलं. खाली त्यांच्या दोन ओळी, "अभिमानाचा क्षण! टाळ्या वाजव!"

आणि पालकांच्या फोनवर काय दिसलं? करा कल्पना. "चित्रकलेचा वर्ग वाचला..."

अभिनंदन! "सर, मनःपूर्वक अभिनंदन!" "सत्याचा विजय झाला, सर!" अंगठे तर किती, मोजदाद नाही! गेटवर अर्धी दाढी भेटली, आता पूर्ण केलेली, माझा हात इतका हलवला की रंगाचा डबा सांडला. मी पीटीच्या सरांना गाठलं, म्हटलं, "अहो, पाठवण्याआधी वाचलं नाहीत का?" ते म्हणाले, "सर, मी आपला पुढे पाठवणारा!" आणि मोठ्या बाई म्हणतात, "बघा सर, पालक किती खूश आहेत! आता यात काही बदल करून त्यांचा हिरमोड नको करायला."

आता आमची चित्रकला जिन्यावर भरते. खालच्या पायरीवर पाचवी, वरच्या पायरीवर सातवी, मधे मी, आणि कुणी वर-खाली जायला लागलं की आम्ही सगळे उठून उभे राहतो.

लेख गेला त्या दिवशी मी तो बायकोलाही पुढे पाठवला आणि घरी गेलो. म्हटलं, निदान हिला तरी कळलं असेल, हिनंच तर विचारलं होतं, तुम्ही तरी वाचता का... दार उघडलं, तर बायको हसतच उभी! डोळे भरून आलेले तिचे. म्हणाली, "वाचला हो तुमचा वर्ग! सुटले बाई मी, किती दिवस तोंडात घास जात नव्हता तुमच्या!"

मी म्हटलं, "अगं... तू पूर्ण वाचलंस का?"

"वरचं वाचलं," ती म्हणाली. "खाली तेच असेल ना?"

एवढी खूश होती हो ती... काय सांगत बसणार? मी चपला काढल्या. म्हटलं, "हो. खाली तेच आहे."